खोडदची काटकसर

०.५५ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ज्या डिश उभ्या आहेत, त्यांचं सगळं मर्म या तारेत आहे असं मला वाटतं. खोडदला जाणारी माणसं मान वर करून बघतात, फोटो काढतात, ‘बापरे, केवढी!’ म्हणतात आणि परततात. मोठेपणा कुणालाही दिसतो. थोडं थांबून पाहिलं की लक्षात येतं, ही डिश बहुतांशी रिकामीच आहे. जाळीतून पलीकडचे ढग दिसतात, घिरट्या घालणारी घार दिसते. जाळीची भोकं मधल्या भागात दहा मिलिमीटरची, त्याबाहेर पंधराची आणि कडेला वीसची. कडेचा भाग नाभीवरच्या फीडला, म्हणजे लहरी टिपणाऱ्या छोट्या अँटेनाला, तसाही अंधुक ‘दिसतो’, तिथली चूक फारशी नडत नाही. मग तिथे बारीक जाळी लावून पैसे कशाला घालवायचे? कुठे बारकावा हवा आणि कुठे नको, याचा निकाल कुणीतरी इतक्या थंड डोक्याने लावला आहे की त्याचं रसग्रहण करावंसं वाटतं. कवितेचं करतो तसंच, ओळीओळीने.

पहिली ओळ अशी वाचता येईल: रेडिओलहरीला भोक दिसत नाही, वाऱ्याला दिसतं. हायड्रोजनची जी प्रसिद्ध लहर खगोलशास्त्रज्ञ ऐकतात, तिची लांबी २१ सेंटिमीटर. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची दोन मीटर. एवढ्या लांबीच्या लहरींच्या लेखी वीस मिलिमीटरचं भोक म्हणजे भिंतच. वारा मात्र त्याच भोकातून निघून जातो. आम्हा मालवणकडच्या लोकांना वारा म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पत्रे, कौलं, विजेचे खांब, माड यांची काय गत झाली ते आम्ही पाहिलंय. अखंड पत्र्याची ४५ मीटरची डिश वाऱ्यात उभी ठेवायची तर तिच्यामागे केवढा सांगाडा लागेल! जाळी केली की वाऱ्याचा रेटा घटतो, सांगाडा हलका होतो, तो फिरवणाऱ्या मोटारी लहान होतात, खालचा काँक्रीटचा मनोरा आटोपशीर होतो. तारेच्या जाडीपासून सुरू झालेली काटकसर पायापर्यंत उतरते. म्हणून ही तार मला आवडते.

दुसरी ओळ दोरांची. अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, गुळगुळीत वक्र पृष्ठभाग घडवणं महागडं काम. इथे १६ वक्र पोलादी चौकटी केंद्रातून बाहेर काढल्या, त्यांच्यामध्ये स्टीलचे दोर ताणले आणि त्या दोरांना जाळी बांधून खेचली. जे तयार झालं तो खरा वक्र नव्हेच, छोट्या छोट्या सपाट तुकड्यांनी साधलेला वक्राचा आभास आहे. लहरीला तेवढा पुरतो. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून या रचनेला ‘स्मार्ट’ म्हटलं गेलं. नाव जरा जास्तच हुशार आहे, पण रचना त्याहून हुशार आहे, तेव्हा सोडून देऊ.

ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. जन्म १९२९, उत्तर प्रदेशातला. आयुष्याची अखेरची अनेक वर्षं पुण्यात. तिथेच ७ सप्टेंबर २०२० रोजी निधन. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, तिथल्या संस्थेने भारताला देऊन टाकलेल्या ३२ छोट्या डिश होत्या, सहा-सहा फुटांच्या. त्या कल्याणला ओळीने उभ्या करून १९६५ मध्ये त्यांनी भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण चालू केली. कल्याण! आज लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या कुणाला हे खरंही वाटायचं नाही. मग उटी. तिथे त्यांनी असा डोंगर शोधला की ज्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उत्तर-दक्षिण आडवी घातली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन्‌तास धरून ठेवता येतो. अर्धं यंत्र डोंगरानेच बांधून दिलं. या कोंड्याच्या मांड्यात आणखी एक गोष्ट होती, आणि पुढे ज्या लष्करी रडारांकडे वळायचं आहे त्यांच्याशी तिचा थेट संबंध आहे. उटीच्या दुर्बिणीच्या नाभिरेषेवर १०५६ डायपोल आहेत, आणि उत्तर-दक्षिण दिशेने नजर वळवायची तर लोखंड हलवावं लागत नाही. डायपोलांकडून येणाऱ्या संकेतांची कला, म्हणजे फेज, मागेपुढे केली की झोत वळतो. न हलता वळणारी अँटेना आपल्याकडे १९७० मध्ये चालू झाली होती, आणि तीही ताऱ्यांसाठी.

न हलता वळणं म्हणजे काय ते समजून घ्यायला मालवणसारखी दुसरी जागा नाही. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी पद्मगडाच्या खडकाळ बेटाकडे चालत जाता येतं, ते का जाता येतं? समुद्राकडून येणारी लाट खडकावर फुटून दोन बाजूंनी वळसा घालते आणि मागच्या अंगाला येऊन स्वतःलाच भेटते. तिथे पाण्याचा जोर मंदावतो, वाळू बसते. त्या भेटीच्या जागेकडे टक लावून पाहिलं तर दिसतं, की एका बाजूची उंच लाट दुसऱ्या बाजूच्या उंच लाटेला मिळाली की पाणी दुप्पट चढतं, आणि उंचीला खळगा मिळाला की तिथलं पाणी क्षणभर सपाट होतं. खडकांची जागा ठरलेली, म्हणून भेटीची जागाही ठरलेली. आता समजा, एका बाजूची लाट जरा अडवून धरता आली आणि मग सोडता आली, तर उंची आणि उंची कुठे भेटेल ते आपल्या हातात येईल. खडक हलवायचं कारणच नाही. अँटेनांच्या रांगेतल्या प्रत्येकीचा संकेत असा कमी-जास्त अडवून मग सगळ्यांची बेरीज करायची, म्हणजे ठरावीक दिशेकडून आलेलंच तेवढं चढतं आणि बाकीचं एकमेकांत विरतं. याला बीमफॉर्मिंग म्हणतात. पुढे येणारी सगळी तंत्रगिरी ही या अडवण्या-सोडण्याची तऱ्हा आहे.

खोडदला अशा ३० डिश. १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात, १६ तीन फाट्यांवर शेताशिवारांमधून दूरवर पसरलेल्या. दोन टोकांमधलं सर्वांत जास्त अंतर २५ किलोमीटर. एवढं अंतर कापायला रेडिओलहरीला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका डिशचा संकेत तेवढा वेळ अडवून दुसऱ्याची वाट बघावी लागू शकते. नुसती शक्ती मिळवली, फेज न जुळवता, तर ३० डिशचा फायदा सुमारे साडेपाच पट. फेज जुळवून मिळवलं तर ३० पट. हा फरक लोखंडाने मिळत नाही, हिशेबाने मिळतो.

आणि इथे तिसरी ओळ येते. माझ्या मते सगळ्यात सुंदर. पूर्वी हे अडवणं-सोडणं केबलच्या लांबीने आणि फेज बदलणाऱ्या उपकरणांनी व्हायचं. एका वेळी एक दिशा. दुसरी दिशाही हवी असेल तर संकेत वाटून घ्या, उपकरणांचा दुसरा संच लावा. डिजिटलमध्ये प्रत्येक अँटेनाचा संकेत आधी आकड्यांत बदलतात. आकडा वाटला तरी क्षीण होत नाही; त्याची कितीही नक्कल करा. त्याच नोंदीतून दहा दिशांना दहा झोत एकदम काढता येतात. पुरेसा संगणक असला तर शंभर. खोडदला २०१० च्या सुमारास खास बनवलेल्या जुन्या यंत्रणेची जागा बाजारात मिळणाऱ्या साध्या सर्व्हर संगणकांच्या जथ्याने घेतली. पुढे दुर्बिणीचं नूतनीकरण झालं, तेव्हा एफपीजीएच्या, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपांच्या, पाट्या आणि जीपीयू आले. जीपीयू म्हणजे पोरं ज्यांच्यावर गेम खेळतात त्याच जातीची कार्डं. पूर्वी एकावेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झ ऐकू लागली. जाळी तीच, दोर तेच, मनोरे तेच.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ३० डिशचे ३० रिसीव्हर, किलोमीटरच्या किलोमीटर ऑप्टिकल फायबर, दिवसा ऊन, रात्री गारवा. सगळ्यांचे फेज सतत सरकत असतात. ते सरकूच नयेत अशी यंत्रणा बांधायला गेलं तर दिवाळं निघेल. खोडदकर ते सरकू देतात. मधूनमधून सगळ्या डिश एखाद्या ओळखीच्या, ठळक, ठावठिकाणा पक्का माहीत असलेल्या रेडिओस्रोताकडे वळवतात, ३सी४८ किंवा ३सी२८६ अशा रुक्ष नावाच्या; कोण किती चुकतंय ते मोजतात आणि ती चूक गणितातून वजा करतात. अचूकता धातूत ठेवली तर महाग पडते, हिशेबात ठेवली तर स्वस्त. तारेपासून संगणकापर्यंत या सगळ्या रचनेत हाच एक विचार वाहतो आहे, म्हणून मी तिला रचना म्हणतो. नुसतं यंत्र म्हणणं जिवावर येतं.

हिशेबावर भरवसा ठेवण्याची किंमतही असते. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या बारक्या रेडिओचा, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत खोडदच्या डिश ऐकत होत्या. मंगळावरून पृथ्वीपर्यंत यायला त्या संकेताला पावणेदहा मिनिटं लागत होती आणि पोचेपर्यंत त्याचं काय उरत असेल ते कल्पनेनेच समजून घ्यावं. तरी तो पकडला गेला. पॅराशूट उघडेपर्यंतचा प्रवास पुण्याजवळच्या शेतात बसून कळत होता. आणि ठरलेल्या वेळेच्या साधारण मिनिटभर आधी संकेत थांबला. नंतरच्या चौकशीत निघालं ते असं: यानाचं गिरकी मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर कमाल आकड्यावर अडकून राहिलं, त्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली ती ऋण आली, म्हणजे यान जमिनीखाली असल्याचं त्याने ठरवलं, आणि पॅराशूट सोडून दिलं. लोखंड शाबूत, हिशेब चुकलेला. ज्याने हा अपघात ऐकला त्या यंत्राची सगळी मदार हिशेबावरच आहे, हे मला राहून राहून आठवतं.

आता लष्कराकडे वळू, कारण न हलता वळणाऱ्या अँटेना त्यालाही हव्या आहेत, आणि स्वस्तात. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, तेव्हा युद्धनौका आणि विमानं बघायला सगळा जिल्हा लोटला होता. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांच्या डोलकाठीवर चार बाजूंना चार सपाट फलक असतात. जुन्या रडारसारखं त्यांच्यात काही फिरत नाही. ते फलक म्हणजे शेकडो छोट्या अँटेनांची रांगोळी, आणि ते इस्रायलहून येतात. हवाई दलासाठी बंगळुरूच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘अरुध्र’ हे मध्यम पल्ल्याचं रडार घडवलं, त्यात डिजिटल बीमफॉर्मिंग आहे. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी २,८०० कोटींहून अधिकचा करार झाला. मार्च २०२५ मध्ये ‘अश्विनी’ या कमी उंचीवरचं पाहणाऱ्या, वाहून नेता येणाऱ्या रडारसाठी २,९०६ कोटींचा. म्हणजे येतं आपल्याला. प्रश्न स्वस्ताईचा आहे, आणि तिथे खोडदची कविता जशीच्या तशी चालत नाही.

कारण सोपं आहे. खोडद फक्त ऐकतं. रडारला आधी ओरडावं लागतं. ओरडून परत येणारा प्रतिध्वनी इतक्या वेगाने क्षीण होतो की बाकी सारं तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर ताकद सोळापट लागते. शिवाय रडारच्या लहरी आखूड. ३ गिगाहर्ट्झला लहर दहा सेंटिमीटरची, आणि झोत हवा तसा वळवायचा तर अँटेना लहरीच्या निम्म्या अंतरावर बसवाव्या लागतात. म्हणजे मीटरभर चौरस फलकावर वीस गुणिले वीस, ४०० अँटेना. लढाऊ विमानाच्या नाकातल्या १० गिगाहर्ट्झच्या रडारला त्याच जागेत चार हजारांवर. पूर्ण डिजिटल करायचं तर प्रत्येकीमागे स्वतंत्र रिसीव्हर आणि संकेताचा आकडा करणारी चिप. कागदावर हिशेब मांडून पाहा: ४०० अँटेना, सेकंदाला २० कोटी वेळा मोजणी, दर मोजणीला १२ बिट. सेकंदाला जवळजवळ एक लाख कोटी बिट. एवढा लोंढा एका फलकातून बाहेर काढायचा, त्याची बेरीज करायची, आणि हे सगळं तापू द्यायचं नाही. म्हणून बरेच रडारवाले मधला रस्ता धरतात: आठ-दहा अँटेनांचा एक गट जुन्या पद्धतीने जोडायचा आणि गटागटाला डिजिटल करायचं. अंथरूण पाहून पाय पसरणं, दुसरं काय.

बिटांचंही तसंच. तारे ऐकणाऱ्यांना चैन परवडते. अवकाशातला संकेत यंत्राच्या स्वतःच्या खरखरीहूनही दुबळा असतो, म्हणून तो एका बिटात मोजला, म्हणजे फक्त ‘वर’ की ‘खाली’ एवढंच लिहून ठेवलं, तरी जवळपास ६४ टक्के संवेदनक्षमता टिकते. दोन बिटांत ८८ टक्के. रेडिओ खगोलशास्त्र अनेक दशकं या गबाळ्या मोजणीवर दिमाखात चाललं. लष्कराला समोर तारा नसतो, रडारचे कान बधिर करणारा शत्रूचा जॅमर असतो. तो कानाशी भोंगा लावून बसलेला, आणि त्याच क्षणी दूरची होडी कुजबुजत असते. दोन्ही एकाच वेळी न बिघडवता मोजायचे तर १२-१४ बिट हवेतच. दर बिटामागे जेमतेम सहा डेसिबलची मोकळीक मिळते. तेव्हा खोडदची एक युक्ती इथे बाद. दुसरी मात्र लागू आहे: चूक सरकू देऊन नंतर वजा करण्याची. फलकातच एक ओळखीचा संकेत सोडायचा आणि प्रत्येक अँटेना किती भरकटली ते दर काही वेळाने तपासायचं. मग भाग महागडे, निवडून घेतलेले नसले तरी भागतं. आणि जॅमरच्या दिशेला मुद्दाम खळगा पाडायचा, म्हणजे तिकडून येणारं एकमेकांत विरेल अशी बेरीज करायची, हे तर डिजिटलमध्ये फार सोपं जातं. तेही झोत न मोडता.

अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने २०१३ मध्ये ‘एसीटी’ नावाचा कार्यक्रम काढला, त्यामागची तक्रार वाचण्यासारखी होती: एकेक लष्करी अँटेना-फलक घडवायला दहा-दहा वर्षं जातात आणि तोवर आतल्या चिपा जुन्या होतात; तेव्हा बाजाराच्या वेगाने बदलता येईल असा एकच सामायिक भाग करा आणि तोच सगळीकडे वापरा. तक्रार रास्त होती. पण मला वाटतं, उत्तर डार्पापेक्षा मोबाइल कंपन्यांनी आधी दिलं. मालवणच्या बाजारातून किंवा कुडाळच्या स्टेशनबाहेरून टॉवरकडे बघा. उंच, अरुंद जुन्या अँटेनांच्या शेजारी हल्ली एक जाडसर, बुटकी, पांढरट पेटी दिसते. ५जीची ती पेटी. पुष्कळ ठिकाणी तिच्या आत ६४ स्वतंत्र ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात, आणि ती साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ‘अरुध्र’च्या शेजारच्या वारंवारतेवर, प्रत्येक फोनकडे वेगळा झोत वळवते, तोही डिजिटल बेरजेनेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं आणि बघता बघता अशा पेट्या गावोगाव लागल्या. लष्कराला जे स्वस्तात हवं आहे त्याचा निम्मा भाग आपण रील बघण्यासाठी आधीच विकत घेऊन बसलोय. निम्माच; कारण या पेटीला प्रतिध्वनी ओळखता येत नाही, जॅमरपुढे ती टिकायची नाही, आणि तिची ताकद फोनपुरती. पण तिच्या चिपा, तिची गार राहण्याची तऱ्हा, ती बनवणारे कारखाने, हे सगळं आयतं आहे. आपल्याकडे पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही मायक्रोवेव्हची सरकारी संस्था आहे. तिरुपतीजवळच्या गादंकीला वातावरणाचा अभ्यास करणारं १०२४ अँटेनांचं रडार उभं करण्याचं काम तिने नव्वदीच्या सुमारास केलं. म्हणजे रांगेत अँटेना मांडण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. ही सवय आणि मोबाइलच्या बाजाराचे भाव एकत्र आले तर काय होईल, याकडे माझं लक्ष आहे.

किनाऱ्यावर हे कुठे बसेल? २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी ट्रॉलरवरून आलेली माणसं मुंबईत उतरली, त्यानंतर दीपगृहांच्या मनोऱ्यांवर रडार आणि कॅमेरे बसवण्याची तटरक्षक दलाची साखळी उभी राहिली. दीपगृहाची जागा नामी, कारण रडारला पृथ्वीची गोलाई आडवी येते. ५० मीटर उंचीवरून पाण्यातून दोन मीटर वर असलेली होडी साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच दिसू शकते. पुढे ती क्षितिजाखाली. पण खरा त्रास क्षितिजाचा नाही, पाण्याचा. लाकडी किंवा फायबरची होडी प्रतिध्वनी फार कमी देते आणि उधाणलेला समुद्र भरपूर. फिरणारं रडार दर फेरीत होडीकडे डोळ्याचं पातं लवेपर्यंत बघतं आणि पुढे जातं; तेवढ्यात लाट कोणती आणि होडी कोणती ते ठरवायचं. न फिरणारा डिजिटल फलक त्याच्यासमोरच्या सगळ्या पाण्याकडे एकदम, सतत टक लावून बसू शकतो. सेकंदभर एकटक पाहिलं की वेगातला फरक उमगतो: लाट येते-जाते, होडी आपल्या चालीने पुढे सरकते. इथले मच्छीमार परराज्यांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलर्सबद्दल आणि रात्री एलईडीच्या दिव्यांवर होणाऱ्या मासेमारीबद्दल वर्षानुवर्षं ओरडताहेत. त्यासाठी जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनची गस्त सुरू केली. ड्रोन उडतं, उतरतं, चार्ज करावं लागतं. फलक बसून राहतो. देशाची सुरक्षा आणि बांगड्याची सुरक्षा एकाच फलकावर भागली तर खर्चाचा निम्मा वाद मिटेल. अर्थात, तटरक्षक दलाची नोंद मत्स्यखात्याला कोण देईल, हा तंत्रज्ञानाबाहेरचा विषय आहे, आणि जास्त अवघड.

खोडदच्या रचनेत मला एक खोट काढायची आहे. काढली नाही तर रसग्रहण कसलं, स्तोत्र होईल. ती जाळी १,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास थांबते. त्यावरच्या लहरी आखूड होत जातात, भोकं आणि सपाट तुकडे त्यांना जाणवू लागतात, आणि दुर्बीण आंधळी होत जाते. स्वरूप यांनी हे समजून-उमजून केलं. मीटरभर लांबीच्या लहरींचं आकाश तेव्हा जगात फारसं कुणी नीट बघत नव्हतं, ती जागा त्यांनी धरली. पण निवड ती निवडच. जी काटकसर तुम्हाला सामर्थ्य देते ती तुमची हद्दही आखून देते, आणि ही हद्द कुठे पडणार ते तारेची जाडी ठरवण्याच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. लष्करी अँटेना स्वस्त करणाऱ्यांनी खोडदकडून जाळी उचलू नये, उपयोगही नाही. उचलायचं तर ते हे की स्वस्ताई कुठून आणायची आणि तिच्या बदल्यात काय सोडायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून काढणं. आपल्याकडे बहुधा उलट होतं: सगळं हवं म्हणून यादी लिहिली जाते आणि स्वस्ताई शेवटी, निविदेच्या टेबलावर आठवते.

मालवणसाठी यादी लिहायची तर मी पल्ल्यापासून सुरुवात करणार नाही. खोडद दख्खनच्या कोरड्या पठारावर आहे. इथे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत सोलून निघतात आणि स्टेनलेस म्हणवणाऱ्या स्टीललाही तांबूस डाग पडतात. खारी हवा आत शिरू नये म्हणून पेटी घट्ट बंद करावी, तर आतली उष्णता कुठे जाणार? तेव्हा पाठीवर पंख्याशिवाय उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, शिडीवरून दोन माणसांना उतरवता येईल एवढं वजन, आणि अँटेना मेली तरी फलक मरू नये अशी मांडणी. हे शेवटचं, रांगेच्या रचनेत आपसूक मिळतं. ४०० पैकी ४० घटक गेले तर बाहेर पडणारी ताकद दहा टक्क्यांनी घटते, पाठवण्याचा आणि ऐकण्याचा झोत प्रत्येकी तेवढाच उणावतो, पण पल्ला चौथ्या मुळाने कमी होत असल्याने एकूण तोटा जेमतेम आठ टक्के. २० किलोमीटरला दिसणारी होडी साडेअठराला दिसेल. फिरणाऱ्या रडारची मोटार बिघडली तर त्याच दिवशी माणूस हवा. इथे दुरुस्तीवाला नारळी पौर्णिमेनंतर आला तरी चालून जाईल.